जमिनीखालच्या तेलाचा हक्क विकायचा असेल तर: टेक्सासचे मिनरल राइट्स, त्यांची खरी किंमत आणि सहीच्या आधीची सगळी कामं

आत्याने फोन करून बोलावलं तेव्हा डायनिंग टेबलवर एक जाड पाकीट उघडून ठेवलेलं होतं, आत एक गोड भाषेतलं पत्र, खाली ६२,००० डॉलरचा आकडा, सोबत चेकसारखा दिसणारा एक रंगीत कागद आणि दोन पानांचं डीड म्हणजे खरेदीखत, ज्यावर तिचं नाव आधीच टाइप केलेलं. आत्या म्हणाली, "अरे बघ ना, नुसती सही करून नोटरीकडे जायचंय म्हणतायत, देऊन टाकू का? तुझ्या काकांच्या मागे मला हे तेलाचे हिशोब कुठे झेपतात." मी म्हटलं, आत्या, तू आज कशावरही सही करू नकोस, मला महिनाभर दे.

काका ऐंशीच्या दशकात साउथ टेक्सासच्या एका छोट्या गावात डॉक्टर होते, तिथे त्यांनी ६० एकर जमीन घेतली होती आणि सोबत खालच्या मिनरल्सचा अर्धा हिस्सा आला होता. तेव्हा त्याला कोणी फार विचारत नव्हतं. २००८ मध्ये त्या भागात ईगल फोर्ड शेल हा तेल-गॅसचा खडकाचा थर सापडला, २०१० मध्ये कंपनीने लीज म्हणजे तेल काढायचा करार घेतला आणि तेव्हापासून दर महिन्याला चेक येतो. काका २०२१ मध्ये गेले. आपल्या लोकांत अशी घरं बरीच आहेत, ह्युस्टन-डॅलसच्या बाजूला तर आहेतच पण आता हे वारस म्हणून पुण्या-नागपूरला बसलेल्या भाच्या-पुतण्यांपर्यंतही पोचायला लागलंय, म्हणून जे शिकलो ते सगळं क्रमाने लिहून काढतोय. माझं म्हणणं एकच आहे: पत्रातला आकडा म्हणजे तुमच्या हक्काची किंमत नाही, ती फक्त घेणाऱ्याची पहिली बोली आहे, आणि खरी किंमत काढायला लागणारी जवळजवळ सगळी माहिती फुकट आणि सार्वजनिक असते.

आधी, हे नक्की असतं काय

आपल्याकडे सातबारा तुमच्या नावावर असला तरी खाली काही सापडलं तर ते तुमचं नाही, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांचा हक्क सरकारकडे राखलेला आहे. त्यामुळे आपल्या डोक्यात मालकी म्हणजे जमीन हे पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे खाजगी माणूस जमिनीखालच्या तेल आणि गॅसचा मालक असू शकतो, आणि वरची जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं अशी वाटणीही होते. वरची जमीन विकताना विकणारा मिनरल्स स्वतःकडे राखून ठेवतो, मग पुढच्या पिढीत त्याचे चार वाटे, त्याच्या पुढच्या पिढीत सोळा. आपल्याकडे भावकीत आणेवारी लागते ना, अगदी तसंच. म्हणून ह्युस्टनजवळ नवीन घर घेतलेल्या बऱ्याच जणांकडे मिनरल्स नसतात, बिल्डरने किंवा त्याच्या आधीच्या मालकाने ते आधीच राखलेले असतात. आणि उलटही होतं, ज्याने जमीन वीस वर्षांपूर्वी विकून टाकली त्याच्या नावावर खालचं तेल अजून असतं आणि त्याला पत्ता नसतो.

हक्काचे प्रकार वेगळे असतात आणि किंमत त्यावर ठरते. पूर्ण मिनरल इंटरेस्ट असेल तर लीज द्यायचा अधिकार, बोनस (लीजवर सही करताना मिळणारी रक्कम) आणि रॉयल्टी (उत्पादनातला वाटा) तिन्ही तुमचं. नॉन-पार्टिसिपेटिंग रॉयल्टी असेल तर लीज द्यायचा अधिकार नाही, बोनस नाही, फक्त उत्पादनातला वाटा. ओव्हररायडिंग रॉयल्टी लीजला बांधलेली असते, लीज संपलं की ती पण संपली. आणि वर्किंग इंटरेस्ट म्हणजे विहिरीचा खर्चही तुमच्या डोक्यावर, ते प्रकरण संपूर्ण वेगळं आहे, त्याबद्दल या लेखात काही नाही.

राज्याप्रमाणे कायदाही बदलतो हे लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये मिनरल्स कायमचे, विहीर नसली तरी पिढ्यानपिढ्या चालू. शेजारच्या लुइझियानात मात्र १० वर्षं काहीच खणलं नाही तर हक्क वरच्या जमिनीच्या मालकाकडे परत जातो. मी पुढे सगळं टेक्सासचं लिहितोय.

पहिलं काम: कागद शोधा

काकांचे कागद बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात होते, वर रबरबँड. त्यातून चार गोष्टी काढायच्या. एक म्हणजे मूळ डीड, ज्यात "अन अनडिव्हायडेड वन-हाफ" वगैरे शब्द असतात, तिथेच तुमचा हिस्सा आहे. दुसरं लीज. तिसरं डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे कंपनीने पाठवलेला कागद ज्यात तुमचा वाटा आठ आकडी दशांशात लिहिलेला असतो. चौथं, निदान गेल्या १२ महिन्यांचे चेकचे स्टब म्हणजे चेकसोबतचे हिशोबाचे कागद, २४ मिळाले तर उत्तम.

कागद हरवले असतील तर घाबरू नका. जमीन ज्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) आहे तिथल्या काउंटी क्लर्कच्या रेकॉर्डमध्ये डीड आणि लीज दोन्ही नोंदलेले असतात, बऱ्याच काउंट्यांचं आता ऑनलाइन दिसतं. डीड साखळीने मागे मागे जात वाचायचं, जसं आपण जुने फेरफार काढतो. स्वतःला जमत नसेल तर लँडमन नावाचा माणूस दिवसाच्या दराने हे करून देतो.

वारसाने आलं असेल तर इथेच थांबून नाव नीट लावून घ्या. मृत्युपत्र प्रोबेट म्हणजे कोर्टात मान्य झालंय का? नसेल तर काही केसमध्ये दोन साक्षीदारांचं एअरशिप अॅफिडेव्हिट, म्हणजे वारस कोण हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, काउंटीत नोंदवून चालतं, पण ते वकिलाला विचारूनच. मृत्युपत्र दुसऱ्या राज्यात किंवा भारतात झालेलं असेल तर टेक्सासमध्ये वेगळी प्रक्रिया लागते, त्याला वेळ जातो. नाव लागलेलं नसेल तर कंपनी पैसे अडकवून ठेवते, त्याला सस्पेन्स म्हणतात, आणि ३ वर्षं कोणी विचारलं नाही तर ते पैसे राज्याच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टी खात्यात जातात. "क्लेम इट टेक्सास" नावाची सरकारी साइट आहे, त्यावर आधी तुमच्या आजी-आजोबांचं, काका-मामांचं नाव टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं काम: तुमच्याकडे नक्की किती आहे ते मोजा

सगळी गडबड इथे होते. ६० एकर जमीन म्हणजे ६० एकर मिनरल नाही. आत्याकडे अर्धा हिस्सा, म्हणजे ३० नेट मिनरल एकर.

आता लीजमधली रॉयल्टी बघा. जुनी लीजं एक-अष्टमांश म्हणजे १२.५ टक्क्यांची, आपल्या भाषेत रुपयाला दोन आणे. आता टेक्सासमध्ये २० ते २५ टक्के, म्हणजे चार आण्यांपर्यंत मिळते. काकांच्या लीजमध्ये २० टक्के आहे. खरेदीदार बहुतेक वेळा भाव नेट रॉयल्टी एकरवर बोलतात, म्हणजे सगळ्यांची रॉयल्टी एक-अष्टमांशाच्या मापात आणून मोजतात. ३० एकर गुणिले २० भागिले १२.५, झाले ४८ नेट रॉयल्टी एकर. हेच लीज २५ टक्क्यांचं असतं तर ६० झाले असते. जमीन तीच, हिस्सा तोच, पण विकायला १२ एकर जास्त. एक जण नेट मिनरल एकरवर बोली देतो, दुसरा नेट रॉयल्टी एकरवर, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पहिल्याचा भाव मोठा आहे. प्रत्येकाला विचारा, कुठल्या एकरचा भाव?

मग दशांश तपासा. हल्लीच्या आडव्या विहिरी अनेकांच्या जमिनीखालून जातात, म्हणून कंपनी सगळे तुकडे एकत्र करून युनिट बनवते. आमचं युनिट ६४० एकरचं. ३० भागिले ६४० गुणिले ०.२० केलं की येतं ०.००९३७५००. डिव्हिजन ऑर्डरवर हाच आकडा असला पाहिजे. आमचा जुळला, पण एका ओळखीच्यांच्या बाबतीत रॉयल्टी २२.५ ऐवजी २० धरली होती आणि दोन वर्षं तसाच चेक येत होता, लीजची कॉपी पाठवल्यावर फरक मिळाला. हे विकण्याआधी दुरुस्त करून घ्या कारण खरेदीदार कमी दशांशावरच किंमत काढेल.

तिसरं काम: चेकचा स्टब वाचायला शिका

मी आत्याला पेन्सिल देऊन बसवलं आणि एक ओळ पूर्ण वाचून दाखवली, तुम्हीही एकदा तसं करा. ओळीत आधी विहिरीचं किंवा लीजचं नाव, मग उत्पादनाचा महिना (चेकचा महिना नाही, तो साधारण दोन महिने मागचा असतो), मग ओ म्हणजे ऑइल किंवा जी म्हणजे गॅस, मग संपूर्ण विहिरीचं उत्पादन, भाव, टॅक्स, कपात आणि तुमचा दशांश.

समजा युनिटमधून महिन्याला ६,००० बॅरल तेल निघालं आणि भाव ७० डॉलर मिळाला. एकूण ४,२०,००० डॉलर. गुणिले ०.००९३७५, आपला वाटा ३,९३७ डॉलर ५० सेंट. त्यातून टेक्सासचा सेव्हरन्स टॅक्स (जमिनीतून काढलेल्या तेल-गॅसवरचा कर), तेलावर ४.६ टक्के, म्हणजे साधारण १८१ डॉलर गेले. हातात ३,७५६ च्या आसपास. गॅसवर हाच टॅक्स ७.५ टक्के असतो.

त्यानंतर कपातीचा कॉलम. गॅस गोळा करणं, दाबणं, स्वच्छ करणं, पाइपलाइनने नेणं, याचे पैसे कंपनी तुमच्या वाट्यातून कापू शकते की नाही हे लीजच्या शब्दांवर आहे. ज्याच्या लीजमध्ये कपात नको असं स्पष्ट लिहिलंय त्याची रॉयल्टी जास्त भावाने विकली जाते, त्यामुळे ते कलम असेल तर बोली मागताना स्वतःहून दाखवा.

स्टब बारा महिन्यांचे समोर ठेवून हातात पडलेल्या रकमेची सरासरी काढा. आत्याची निघाली महिन्याला २,४०० डॉलर. पण सरासरीच्या बरोबरीने उतार बघा. शेलची विहीर पहिल्या दिवसांत उसळते आणि मग वेगाने खाली येते, पहिल्या वर्षाच्या शेवटी सुरुवातीच्या निम्म्याच्याही बरीच खाली असते, आणि पुढे बरीच वर्षं हळूहळू ठिबकत राहते. नवीन विहिरीचा पहिला मोठा चेक बघून कोणी कार घेतो, कोणी घराचं कर्ज वाढवतो. तो चेक पगार नाही.

चौथं काम: खाली अजून काय शिल्लक आहे ते बघा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि विकणारे बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत.

टेक्सासमध्ये तेल-गॅसचा कारभार रेलरोड कमिशन बघतं. नाव रेल्वेचं आहे कारण १८९१ मध्ये रेल्वेसाठीच सुरू झालं होतं, आता रेल्वेशी काही संबंध राहिलेला नाही. त्यांच्या साइटवर एक नकाशा आहे, त्यात तुमची काउंटी झूम केलीत की प्रत्येक विहीर, तिची आडवी रेघ, ऑपरेटर म्हणजे विहीर चालवणारी कंपनी, आणि परवाना मिळालेल्या पण अजून न खणलेल्या विहिरी दिसतात. लीजच्या नंबरवरून महिन्याचं उत्पादनही दिसतं, स्टबवरचे आकडे त्याच्याशी ताडून बघा.

मी आमच्या युनिटवर क्लिक केलं तेव्हा जुन्या २ विहिरींच्या मधून ३ नवीन रेघा दिसल्या, परवाने जेमतेम पाच आठवड्यांपूर्वीचे. त्या पत्राची तारीख परवान्यांनंतर नऊ दिवसांची होती. आत्याला कोणी सांगितलं नव्हतं, सांगायला कोणी बांधीलही नव्हतं, पण पत्र पाठवणाऱ्याला माहीत होतं. ड्रिलिंगचा परवाना टेक्सासमध्ये २ वर्षं चालतो, म्हणजे परवाना आहे म्हणून विहीर होईलच असं नाही, पण घेणारा त्याचे पैसे मोजायला तयार असतो आणि ते पैसे तुम्हाला मिळायला हवेत.

अजून एवढं बघा: ऑपरेटर कोण आहे, तो या भागात सध्या रिग (खणायचं यंत्र) चालवतोय का, शेजारच्या युनिटमध्ये नवीन विहिरी कशा निघाल्या, आणि एकाच ठिकाणी एकाखाली एक किती थर आहेत. पर्मियन या वेस्ट टेक्सासच्या तेलाच्या पट्ट्यात मिडलँड, डेलावेअर या भागांत एकाच जमिनीखाली बरेच थर पिकतात, म्हणून तिथला एकरचा भाव आणि दुसरीकडचा भाव यांची तुलना करून उपयोग नाही. हेन्सव्हिलसारख्या गॅसच्या भागात सगळं गॅसच्या भावावर.

पाचवं काम: किंमत काढा, निदान अंदाजाने

चालू उत्पन्न असलेल्या हक्कासाठी बाजारात महिन्याच्या सरासरी उत्पन्नाला काही महिन्यांनी गुणायची पद्धत आहे, ३ ते ६ वर्षांचे महिने धरले जातात. जुनी, स्थिरावलेली विहीर असेल तर वरच्या बाजूला, नवी आणि वेगाने घसरणारी असेल तर खालच्या बाजूला. आत्याचे २,४०० गुणिले ४८ महिने म्हणजे १,१५,२००. पत्रातले ६२,००० म्हणजे २६ महिनेसुद्धा नाहीत, आणि त्यात नवीन ३ विहिरींचा एक पैसा धरलेला नाही. एवढ्या एका गुणाकाराने आत्याचा चेहरा बदलला.

यापेक्षा नीट पद्धत म्हणजे पुढच्या वर्षांचं उत्पन्न मांडून त्याची आजची किंमत काढणं. समजा पुढची ५ वर्षं २०,०००, १२,०००, ९,०००, ७,५०० आणि ६,५०० असे मिळणार. बेरीज ५५,०००. पण पाच वर्षांनी मिळणारा डॉलर आणि आजचा डॉलर एक नाही, शिवाय धोका खरेदीदाराच्या डोक्यावर, तो १५ टक्के परतावा धरत असेल तर या पाच वर्षांची आजची किंमत साधारण ४०,००० येते, त्यात पुढच्या शेपटीच्या वर्षांचं थोडं वाढेल. म्हणून घेणारा "तुम्हाला दहा वर्षांत मिळाले असते तेवढे आज देतो" असं कधीच करणार नाही, त्याचाही हिशोब आहे, आणि ते कळलं की वाटाघाटीत राग येत नाही.

काहीच उत्पन्न नसेल पण लीज असेल तर लीजला एकरी बोनस किती मिळाला त्याच्या दोन-तीन पट असा एक ठोकताळा लोक वापरतात. लीजच नसेल तर आसपास कोणी लीजं घेतंय का हे काउंटीच्या रेकॉर्डमध्ये दिसतं. आणि आसपास काहीच हालचाल नसेल तर खरं सांगायचं तर किंमत फार नाही, ठेवून द्या, टेक्सासमध्ये उत्पादन नसलेल्या मिनरल्सवर प्रॉपर्टी टॅक्स लागत नाही त्यामुळे ठेवायला खर्च काही नाही. उत्पादन सुरू झालं की मात्र काउंटीचं वर्षाचं टॅक्स बिल येतं, ते चुकवू नका.

तेलाचा भाव कधी कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता, आणि २०२४ मध्ये वेस्ट टेक्सासच्या वाहा हबवर गॅसचा भाव कितीतरी दिवस शून्याच्या खाली होता. अशा वेळी घाबरून विकणाऱ्यांचं नुकसान होतं. गरज नसेल तर भाव पडलेला असताना विकू नका, आणि विकायचंच असेल तर सगळंच विकलं पाहिजे असंही नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

विकायचं की ठेवायचं

विकण्याची चांगली कारणं असतात. वारस पाच आहेत, तिघे भारतात, दर महिन्याला शंभर-सव्वाशे डॉलरचे चेक आणि प्रत्येकाची वेगळी टॅक्सची भानगड, तिथे विकून वाटून घेणं शहाणपणाचं. वय झालंय, सगळं उत्पन्न एका विहिरीवर आहे, तेव्हाही थोडं विकणं ठीक. वाईट कारणं दोनच, पत्रात "ही ऑफर १० दिवसांत संपते" लिहिलंय म्हणून, आणि कागद समजत नाहीत म्हणून.

आत्याचं मन कशात होतं ते मी विचारलं. तिला नातीच्या कॉलेजसाठी पैसे हवे होते, पण काकांनी घेतलेलं सगळं काढून टाकायचं नव्हतं. मिनरल्स कितीही छोट्या हिश्शात विकता येतात, म्हणून अर्धं विकायचं ठरलं. निम्मं विकलं की पैसे आत्ता हातात येतात, आणि नवीन विहिरी चांगल्या निघाल्या तर उरलेल्या निम्म्यात तुम्ही आहातच.

सहावं काम: बोली मागवा

एका पानाची माहिती बनवा: काउंटी, सर्व्हे आणि अॅबस्ट्रॅक्ट नंबर (जमीन ओळखायचे, आपल्या गट नंबरसारखे), नेट मिनरल एकर, रॉयल्टी, दशांश, ऑपरेटर, युनिटचं नाव, १२ महिन्यांचे स्टब, लीजची कॉपी, नवीन परवान्यांचे नंबर. हे पान त्या भागात खरेदी करणाऱ्या निदान चार-पाच जणांना एकाच दिवशी पाठवा आणि बोली द्यायची एकच तारीख सांगा. खरेदीदार कोण हे शोधायला काउंटी रेकॉर्डमध्ये गेल्या वर्षात तुमच्या युनिटमध्ये मिनरल डीड कोणाच्या नावावर झाली ते बघा, तेच आज खरेदी करतायत. ऑनलाइन लिलावाची ठिकाणं आहेत, ब्रोकरही आहेत, ब्रोकर टक्केवारी घेतो पण मोठा हिस्सा असेल तर त्याचं कमिशन वाढलेल्या भावातून निघू शकतं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉयल्टी ओनर्स ही मालकांची संघटना १९८० पासून आहे, तिथून बरंच शिकायला मिळतं.

आम्हाला चार बोल्या आल्या. सगळ्या हिश्शासाठी धरल्या तर सगळ्यात कमी ८८,००० आणि सगळ्यात जास्त १,४८,०००. सगळ्यात जास्तवाल्याला अर्धं विकलं, ७४,००० ला. म्हणजे निम्म्यालाच पत्रातल्या पूर्ण आकड्यापेक्षा जास्त मिळाले.

सातवं काम: करार आणि डीड शब्द न शब्द वाचा

त्या पत्रासोबतचा रंगीत कागद चेक नव्हता, तो ड्राफ्ट होता, "टायटल (मालकी) मान्य झाल्यास ३० दिवसांनी" पैसे मिळतील असा. म्हणजे तुम्ही सही केलेलं डीड द्यायचं आणि ३० दिवस वाट बघायची, त्याला नको वाटलं तर ड्राफ्ट परत. असं करू नका. डीड एस्क्रोकडे (दोघांच्या मधला तटस्थ मध्यस्थ) किंवा वकिलाकडे ठेवायचं आणि पैसे वायरने खात्यात जमा झाल्यावरच ते त्यांच्या हातात जाईल असं लिहून घ्यायचं. बँकेचे डिटेल्स ईमेलवर बदलून आले तर आधीच्या ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करा, फसवणूक अशीच होते.

काही कागद लीजसारखे दिसतात आणि असतात विक्रीचे. टेक्सासच्या कायद्यात म्हणूनच पोस्टाने येणाऱ्या अशा खरेदीच्या कागदावर हे लीज नाही, तुम्ही हक्क विकताय असं ठळक अक्षरात लिहायची सक्ती आहे. ती ओळ शोधा.

मग डीडमध्ये बघायच्या जागा. वर्णनाच्या शेवटी "आणि या काउंटीतले माझे इतर सर्व हक्क" असा अर्थ निघणारं वाक्य असेल तर खोडायला लावा, त्यात तुम्हाला माहीत नसलेली दुसरी जमीनही जाते. अर्धं विकताय तर "माझ्या हिश्शाचं अर्धं" आणि "संपूर्ण मिनरल्सचं अर्धं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आत्याकडे मुळात संपूर्णचं अर्धंच आहे, दुसरा शब्दप्रयोग झाला असता तर तिचं सगळंच गेलं असतं! आमच्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच लिहिलेलं होतं, वकिलाने पकडलं. म्हणून नेट मिनरल एकरचा आकडाही लिहून घ्या, १५ म्हणजे १५.

वॉरंटी म्हणजे मालकीची हमी, ती शक्यतो स्पेशल द्या (फक्त तुमच्या काळापुरती), जनरल नको, कारण जनरलमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाच्या चुकीलाही तुम्ही जबाबदार होता. इफेक्टिव्ह डेट बघा, त्या तारखेनंतरच्या उत्पादनाचे पैसे खरेदीदाराचे, ती तारीख मागची टाकली असेल तर तुमचे दोन-तीन चेक जातात. सस्पेन्समध्ये अडकलेले जुने पैसे तुमचे राहतील असं लिहा. वकिलाला काही शे डॉलर द्यावे लागतात, कारण फॉर्म ऑनलाइन मिळाला तरी काय खोडायचं ते त्याला कळतं.

भारतातून सही करायची असेल तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची अपॉइंटमेंट मिळते, किंवा स्थानिक नोटरी आणि मग अपोस्टिल. कुठला मार्ग काउंटीला चालेल हे आधी विचारून घ्या, कागद दोनदा पाठवायला लागला की महिना जातो.

टॅक्सचं, जे सही करायच्या आधी विचारायचं

महिन्याची रॉयल्टी साध्या उत्पन्नात मोजली जाते, त्यातून सहसा १५ टक्के डिप्लीशन म्हणून, म्हणजे तेल संपत जातं त्याची वजावट म्हणून, वजा करता येतं. विक्री मात्र एक वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या मिळकतीची म्हणून लाँग टर्म कॅपिटल गेनमध्ये जाते, फेडरल दर उत्पन्नाप्रमाणे ०, १५ किंवा २० टक्के. टेक्सासचा वेगळा इन्कम टॅक्स नाही.

वारसाने आलेल्या हक्काची मूळ किंमत काकांनी घेतलेली नाही तर ते गेले त्या दिवशीची बाजारभावाची धरतात. आणि टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य असल्यामुळे नवरा-बायकोची सामायिक मिळकत असेल तर आत्याच्या स्वतःच्या अर्ध्यालाही ती नवी किंमत लागते. आम्ही २०२१ ची किंमत मूल्यांकन करून घेतली, सगळ्या हिश्शाची १,१०,००० आली, निम्म्याची ५५,०००, त्यातून मधल्या वर्षांत घेतलेलं डिप्लीशन सुमारे ६,५०० वजा. म्हणजे टॅक्स ७४,००० वर नाही, साधारण २५,५०० वर, त्यातले डिप्लीशनचे ६,५०० साध्या उत्पन्नाच्या दराने आणि उरलेल्या १९,००० वर १५ टक्क्याने २,८५० डॉलर. मूल्यांकन केलंच नसतं आणि मूळ किंमत शून्य धरली असती तर ११,१०० भरावे लागले असते.

तुम्ही अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट नसाल तर फिर्प्टा हा परदेशी विकणाऱ्यांसाठीचा कायदा लागू होतो, खरेदीदाराने विक्रीच्या रकमेतून १५ टक्के कापून आयआरएसला (अमेरिकेचं इन्कम टॅक्स खातं) भरायचे असतात, नफा कमी असेल तर रिटर्न भरून परत मिळतात, त्यासाठी आयटीआयएन हा टॅक्स नंबर लागतो. भारतात राहत असाल तर तिथल्या रिटर्नमध्येही हे दाखवायला लागेल, दोन्हीकडचं कळणारा सीए गाठा. पैसे दुसऱ्या मिळकतीत घालायचे असतील तर १०३१ एक्स्चेंजने टॅक्स पुढे ढकलता येतो, पण त्याची व्यवस्था क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) आधी व्हावी लागते, नंतर काही करता येत नाही.

क्लोजिंग झाल्यावर

काउंटीत नोंदवलेल्या डीडची कॉपी मागून घ्या, वर व्हॉल्यूम आणि पानाचा किंवा इन्स्ट्रुमेंटचा नंबर असतो. ऑपरेटरला खरेदीदार कळवतोच, पण तुम्हीही पत्र पाठवा. अर्धं विकलं असेल तर नवीन डिव्हिजन ऑर्डर येईल, त्यातला दशांश परत तपासा. आत्याचा आता ०.००४६८७५० आहे, तिने स्वतः कॅल्क्युलेटरवर काढून मला फोनवर वाचून दाखवला, आणि ती डिव्हिजन ऑर्डर त्याच निळ्या डब्यात ठेवली.